स्वॅममधील डिफॉल्ट मूल्ये आपल्या शहरासाठी कशी ठरवावीत

ईपीए स्वॅम या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे गणित करणाऱ्या संगणक प्रणालीत नवा प्रकल्प सुरू करून नकाशावर पहिला उपपाणलोट (एकाच ठिकाणी पाणी सोडणारा जमिनीचा तुकडा) रेखाटला, की त्याच्या गुणधर्मांच्या यादीत क्षेत्रफळ ५, रुंदी ५००, उतार ०.५ टक्के आणि पाणी न मुरणाऱ्या भागाचे प्रमाण २५ टक्के हे आकडे आपण काहीही न भरता आलेले दिसतात. पहिली वाहिनी जोडली, की तिची लांबी ४०० आणि मॅनिंगचा एन (खडबडपणा दाखवणारा गुणांक) ०.०१ असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही प्रणाली १९७१ मध्ये प्रथम तयार केली आणि ती आजही मोफत देते. त्यामुळे हे सुरुवातीचे आकडे एकर, फूट आणि इंच या एककांत विचार करून ठेवलेले आहेत. पुणे, नाशिक किंवा ठाण्याच्या पर्जन्यजल वाहिन्यांचे गणित करताना ते तसेच राहू दिले, तर प्रारूप कोणतीही तक्रार न करता चालते, आलेख काढते आणि अहवालही देते. रिकामी जागा असती तर अभियंत्याने ती भरल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. भरलेली जागा मात्र पुन्हा तपासली जाईलच याची खात्री नसते. म्हणून पहिला उपपाणलोट रेखाटण्यापूर्वीच डिफॉल्ट मूल्ये आपल्या शहराप्रमाणे बदलून घ्यावीत.

बदल करताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. काही मूल्ये संपूर्ण प्रकल्पाला खरोखर समान असतात: आरसीसी नळाचा खडबडपणा, डांबरी रस्त्यावरच्या खळग्यांत साठणारे पाणी, परिसरातील मातीचे गुणधर्म. ही मूल्ये विचारपूर्वक ठरवून एकदाच भरावीत. उपपाणलोटाचे क्षेत्रफळ, त्याची रुंदी, चेंबरची तळपातळी यांसारखी इतर मूल्ये मात्र प्रत्येक घटकाची वेगळीच असतात, आणि त्यांना ‘साधारण बरोबर’ असा डिफॉल्ट देणे घातक ठरते. अशा ठिकाणी असंभव वाटेल असा आकडा ठेवावा, म्हणजे भरायचे राहून गेलेले मूल्य नंतर सहज शोधता येते. या लेखातील सगळ्या सूचना याच भेदावर आधारलेल्या आहेत.

डिफॉल्टची चौकट आणि तिची मर्यादा

‘प्रोजेक्ट’ मेनूतील ‘डिफॉल्ट्स’ हा पर्याय निवडला, की तीन पानांची एक चौकट उघडते. पहिल्या पानावर घटकांच्या नावांचे उपसर्ग, दुसऱ्यावर उपपाणलोटांची मूल्ये आणि तिसऱ्यावर नोड (चेंबरसारखे वाहिन्यांचे जोडबिंदू) व वाहिन्यांची मूल्ये असतात. खाली ‘सर्व नव्या प्रकल्पांसाठी हेच जतन करा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. तो रिकामा ठेवला तर बदल चालू प्रकल्पापुरते राहतात. त्यात खूण केली तर त्या संगणकावर पुढे उघडणाऱ्या प्रत्येक नव्या प्रकल्पाला ते लागू होतात. एकाच शहराचे काम करणाऱ्या कार्यालयात ही खूण सोयीची आहे. कोकणातील जांभ्याचे आणि सोलापूरच्या काळ्या मातीचे काम एकाच संगणकावर चालत असेल, तर मात्र ती न करणेच बरे.

या चौकटीतील बहुतेक आकडे केवळ यापुढे रेखाटल्या जाणाऱ्या घटकांना लागतात. आधी काढलेल्या उपपाणलोटांना आणि वाहिन्यांना ते हात लावत नाहीत. अर्धे जाळे रेखाटून झाल्यावर मॅनिंगचा एन ०.०१ वरून ०.०१३ केला, तर जुन्या वाहिन्या ०.०१ वर आणि नव्या ०.०१३ वर असे मिश्र प्रारूप तयार होते, आणि नकाशाकडे पाहून ते ओळखता येत नाही. अशा वेळी ‘एडिट’ मेनूतून हवा तो प्रदेश निवडून ‘ग्रुप एडिट’ या सोयीने जुन्या घटकांची मूल्ये एकगठ्ठा बदलावी लागतात.

उलट प्रवाहाचे एकक, वाहिनीच्या टोकांची पातळी मोजण्याची रीत, प्रवाह-मार्गणाची (पाणी जाळ्यातून पुढे कसे सरकते याच्या गणिताची) पद्धत आणि पाणी मुरण्याचे प्रारूप हे संपूर्ण प्रकल्पाचे निर्णय आहेत. त्यातही पाणी मुरण्याचे प्रारूप नंतर बदलले, तर हॉर्टनच्या समीकरणाचे दोन प्रकार किंवा ग्रीन-अँप्टच्या समीकरणाचे दोन प्रकार यांच्यातील अदलाबदल सोडून अन्य सर्व बाबतींत प्रत्येक उपपाणलोटाची मुरण्याची मूल्ये नव्याने भरावी लागतात. म्हणून आधी हे निर्णय करावेत आणि मगच आकड्यांकडे वळावे.

आधी एकक

तिसऱ्या पानावरील ‘फ्लो युनिट्स’ हा पर्याय दिसायला एकाच राशीचा असला तरी तो सगळ्या प्रकल्पाची मापनपद्धती ठरवतो. सुरुवातीला तेथे घनफूट प्रतिसेकंद असते. घनमीटर प्रतिसेकंद, लिटर प्रतिसेकंद किंवा दशलक्ष लिटर प्रतिदिन यांपैकी काहीही निवडले, की क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, लांबी व रुंदी मीटरमध्ये, खळग्यांतील साठा मिलिमीटरमध्ये आणि मुरण्याचा वेग मिलिमीटर प्रतितासात वाचला जातो. नाल्यांच्या आणि मुख्य वाहिन्यांच्या कामाला घनमीटर, तर गृहसंकुलाच्या अंतर्गत जाळ्याला लिटर सोयीचे पडतात.

इथेच सर्वांत मोठी अडचण आहे. एकक बदलले तरी डिफॉल्ट आकड्यांचे रूपांतर आपोआप होत नाही. खळग्यांतील साठा ०.०५ इंच होता, तो ०.०५ मिलिमीटर होतो. प्रत्यक्षात ०.०५ इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर, दहा हेक्टर पृष्ठभागावर हा फरक १२७ घनमीटर आणि ५ घनमीटर इतका पडतो. मोठ्या सरीत हे दुर्लक्ष करण्याजोगे वाटेल, पण छोट्या सरींवर आधारित पडताळणीत ते लगेच बाधते. हॉर्टनच्या समीकरणातील मुरण्याचा कमाल वेग ३ आणि किमान वेग ०.५ हे इंच प्रतितास आहेत, म्हणजे अनुक्रमे ७६.२ आणि १२.७ मिलिमीटर प्रतितास. रूपांतर न करता ते ३ आणि ०.५ मिलिमीटर राहिले, तर बाग, मैदान आणि मोकळा भूखंडसुद्धा जवळजवळ काँक्रीटसारखा वागू लागतो. मुरण्याचा वेग किती झपाट्याने घटतो ते सांगणारा ऱ्हास-गुणांक ४ प्रतितास आणि माती कोरडी होण्याचा काळ ७ दिवस यांना मात्र रूपांतराची गरज नाही, कारण त्यांत लांबीचे एकक येत नाही.

रुंदीचे उदाहरण अधिक फसवे आहे. पाच एकर क्षेत्राला ५०० फूट रुंदी, म्हणजे पृष्ठभागावरून पाणी वाहण्याचे अंतर सुमारे १३३ मीटर. मेट्रिकमध्ये तेच आकडे पाच हेक्टर आणि ५०० मीटर होतात, आणि अंतर नेमके १०० मीटर निघते. दोन्ही अंतरे पटण्याजोगी दिसतात आणि दोन्हींचा आपल्या गल्लीशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे एकक बदलल्यानंतर तिन्ही पाने वरपासून खालपर्यंत वाचून प्रत्येक आकड्यासमोर त्याचे नवे एकक मनात म्हणावे. या कामाला काही मिनिटेच लागतात.

एककाबरोबरच ‘व्ह्यू’ मेनूतील ‘डायमेन्शन्स’ येथे नकाशाचे एकक मीटर करावे. तळपट्टीतील ‘ऑटो-लेंग्थ’ चालू असेल, तर रेखाटलेल्या वाहिनीची लांबी आणि उपपाणलोटाचे क्षेत्रफळ नकाशावरून मोजले जाते आणि डिफॉल्टमधील ४०० व ५ हे आकडे वापरले जात नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यांचे निर्देशांक खरे असतील तरच ही सोय विश्वासार्ह आहे. केवळ पार्श्वभूमीला चित्र लावून, प्रमाण न जुळवता रेखाटन करायचे असेल, तर ती बंद ठेवावी आणि लांबी आराखड्यातून भरावी.

उपपाणलोटाचे पान

पाणी न मुरणाऱ्या भागाचे प्रमाण २५ टक्के हा आकडा आपल्या दाट वस्तीत कुठेही बसत नाही. पुण्यातील जुन्या पेठा किंवा मुंबईतील बाजारपेठा पाहिल्या, तर झाडाच्या आळ्याएवढी जागा वगळता सगळा पृष्ठभाग बांधलेला, फरशीचा किंवा डांबरी असतो. मुंबईच्या पर्जन्यजल व्यवस्थेसाठी १९९३ मध्ये तयार झालेल्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने पावसाची तीव्रता ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर आणि अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा वाटा) ०.५ ऐवजी १ धरण्याची शिफारस केली, ती याच वस्तुस्थितीमुळे. दाट शहरी कामासाठी डिफॉल्ट १०० टक्के ठेवून उद्याने, टेकड्या आणि मैदाने यांच्या उपपाणलोटांत तो खाली आणणे अधिक सुरक्षित आहे, कारण एखादी दुरुस्ती राहून गेली तरी चूक वाहिनी मोठी करण्याच्या बाजूची होते, लहान करण्याच्या नव्हे. आधीच उभ्या असलेल्या वाहिन्यांची क्षमता तपासायची असेल, तर मात्र हे सुरक्षिततेचे तत्त्व पुरेसे नाही. तेथे उपग्रहचित्रावरून प्रत्येक उपपाणलोटाचे प्रमाण काढावेच लागते.

पृष्ठभागावरच्या प्रवाहाचा मॅनिंगचा एन हा नळातील एनपेक्षा वेगळा असतो, हे अनुभवी माणसाकडूनही कधी विसरले जाते. गुळगुळीत डांबरासाठी ०.०११, साध्या काँक्रीटसाठी ०.०१३, सिमेंटमध्ये बसवलेल्या दगडी पृष्ठभागासाठी ०.०२४, पडीक मोकळ्या मातीसाठी ०.०५ आणि आखूड गवतासाठी ०.१५ ही स्वॅमच्या मार्गदर्शिकेतील मूल्ये आहेत. पाणी न मुरणाऱ्या भागासाठीचा मूळ डिफॉल्ट ०.०१ हा डांबरापेक्षाही गुळगुळीत आहे. आपल्या रस्त्यांवरचे पेव्हर ब्लॉक, सांधे, दुभाजक आणि खोदकामाच्या पट्ट्या पाहता ०.०१३ ते ०.०१५ हा पल्ला मला योग्य वाटतो. मुरणाऱ्या भागासाठीचा ०.१ मात्र मोकळी माती आणि गवत यांच्या मध्ये पडत असल्यामुळे चालण्यासारखा आहे.

खळग्यांतील साठ्याला मेट्रिकमध्ये पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागासाठी १.३ ते २.५ मिलिमीटर आणि हिरवळीसाठी २.५ ते ५ मिलिमीटर हे पल्ले वापरले जातात. त्याखालचा ‘झीरो-इम्पर्व्ह’ हा आकडा पाणी न मुरणाऱ्या भागापैकी किती टक्के पृष्ठभागावर अजिबात पाणी साठत नाही, हे सांगतो. मूळ मूल्य २५ आहे. कठडा असलेल्या सपाट आरसीसी गच्च्यांच्या भागात २५ राहू द्यावा. पत्र्याच्या उतरत्या छपरांची दाट वस्ती, गोदामे, औद्योगिक वसाहतीतील शेड आणि कोकणातील कौलारू घरे यांच्यासाठी तो बराच वाढवायला हवा, कारण अशा छपरावर पडलेला पहिला थेंबही थांबत नाही.

क्षेत्रफळ, रुंदी आणि उतार या तिन्ही राशी प्रत्येक उपपाणलोटाच्या स्वतःच्या असल्याने त्यांचे डिफॉल्ट मुद्दाम असंभव ठेवावेत. रुंदीसाठी ९९९९९ मीटर हा आकडा मी सुचवीन: तो राहून गेला तर पाणी क्षणात वाहिनीत पोहोचल्यासारखे दिसते आणि नकाशावरही तो उपपाणलोट वेगळ्या रंगात उठून दिसतो. शून्य ठेवण्याचा मोह टाळावा, कारण शून्य क्षेत्रफळाचा उपपाणलोट नुसता गप्प राहतो आणि त्याचे पाणी हिशेबातून नाहीसे होते. खरी रुंदी काढताना क्षेत्रफळाला पृष्ठभागावरून पाणी वाहण्याच्या सरासरी कमाल अंतराने भागावे. दोन हेक्टरच्या भागात हे अंतर ५० मीटर असेल, तर रुंदी ४०० मीटर येते. हे अंतर म्हणजे पाणी गटाराच्या जाळीत शिरेपर्यंतचा पसरट प्रवाह. रस्त्याकडेच्या गटारातून ते पुढे जितके वाहते, ते अंतर यात धरायचे नाही. रुंदी हे स्वॅममधील सर्वाधिक लवचिक मूल्य आहे आणि पडताळणीच्या वेळी तेच आधी बदलले जाते, म्हणून सुरुवातीची रुंदी कशी काढली याची नोंद प्रकल्पाच्या वर्णनात ठेवावी.

मुरण्याच्या मूल्यांबाबत आपल्याकडील जमीन वेगळे लक्ष मागते. किमान वेगाचा १२.७ मिलिमीटर प्रतितास हा आकडा वालुकामय पोयट्याच्या जवळ जातो, ज्याची संपृक्त वाहकता (पूर्ण भिजलेल्या मातीत पाणी मुरण्याचा वेग) मार्गदर्शिकेत ०.४३ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर प्रतितास दिली आहे. चिकणमातीसाठी तोच आकडा ०.०१ इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर प्रतितास आहे. देशावरची काळी माती याच बाजूची; तिच्यासाठी कमाल वेग २५ आणि किमान वेग पाव ते एक मिलिमीटर प्रतितास यांपासून सुरुवात करावी. या मातीचा स्वभावही ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात तिला खोल भेगा पडतात आणि जूनच्या पहिल्या सरी त्या भेगांतून सरळ खाली जातात. जुलैपर्यंत माती फुगून भेगा मिटतात आणि नंतरचे पाणी वरूनच वाहते. हॉर्टन किंवा ग्रीन-अँप्ट यांपैकी कोणतेही समीकरण भेगांचा हिशेब करत नाही. म्हणून वाहिनीचा आकार ठरवताना जमीन आधीच भिजलेली आहे असे धरून, ग्रीन-अँप्टमधील सुरुवातीची ओलाव्याची तूट कमी ठेवून किंवा हॉर्टनचा कमाल वेग खाली आणून काम करावे. जूनमधील मोजमापांवर प्रारूप जुळवून तेच ऑगस्टच्या पुराला लावले, तर ते पाणी हमखास कमी दाखवते.

नोड आणि वाहिन्यांचे पान

नोडची तळपातळी मूळ डिफॉल्टमध्ये शून्य असते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या शहरात शून्य ही खरी पातळीही असू शकते, म्हणून तेथे उणे ९९ ठेवावी. उभ्या छेदाचा आलेख काढला, की राहून गेलेला नोड खोल दरीसारखा दिसतो, आणि नकाशावरील ‘क्वेरी’ सोयीने उणे ५० च्या खालचे सगळे नोड एका फटक्यात सापडतात.

कमाल खोली शून्य ठेवली, तर त्याचा अर्थ खोली नाही असा होत नाही. स्वॅम तेव्हा तळापासून सर्वांत उंच जोडलेल्या वाहिनीच्या माथ्यापर्यंतचे अंतर हीच चेंबरची खोली मानते. परिणामी वाहिनी पूर्ण भरून थोडा दाब आला, की लगेच चेंबर ओसंडल्याची नोंद होते, जरी प्रत्यक्षात झाकण आणखी दीड मीटर वर असले तरी. पूरग्रस्त चेंबरांची लांबलचक यादी आली, तर आधी हा आकडा पाहावा.

‘पाँडेड एरिया’ शून्य असताना, किंवा ‘अलाऊ पाँडिंग’ हा पर्याय बंद असताना, चेंबरमधून बाहेर आलेले पाणी प्रारूपातून कायमचे जाते. खरे पाणी रस्त्यावर साचते आणि ओसर पडल्यावर पुन्हा वाहिनीत शिरते. तरीही सर्व नोडना एकच क्षेत्र देणे मला पटत नाही, कारण उतारावरच्या रस्त्यावर पाणी साचतच नाही, ते पुढच्या चौकात जाते. पहिली धाव शून्यावर घ्यावी, अहवालातील ओसंडलेल्या पाण्याचा आकडा वाचावा, आणि मग मुंबईतील हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या सखल जागी सर्वेक्षणातून काढलेले क्षेत्र त्या त्या नोडला भरावे.

वाहिनीच्या टोकांची पातळी मोजण्याच्या दोन रिती आहेत: नोडच्या तळापासूनची उंची, किंवा थेट पातळी. आपल्याकडील उभ्या छेदांवर इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे तळपातळी, लिहिलेली असते, म्हणून ‘एलेव्हेशन’ ही रीत निवडली तर नकाशावरचा आकडा जसाच्या तसा भरता येतो आणि वजाबाकीच्या चुका टळतात.

खडबडपणाचा मूळ डिफॉल्ट ०.०१ आहे. नव्या आरसीसी नळासाठी सर्वसाधारणपणे ०.०१३ धरतात, विटांच्या अस्तराला ०.०१२ ते ०.०१८ आणि दगडी अस्तराच्या नाल्याला ०.०२० ते ०.०३५. या फरकाची किंमत एका उदाहरणाने समजते. ९०० मिलिमीटर व्यासाचा नळ ४०० मीटरला एक मीटर उताराने टाकला, तर एन ०.०१० असताना तो पूर्ण भरून सेकंदाला १.१८ घनमीटर पाणी नेतो, ०.०१३ असताना ०.९१ आणि ०.०१५ असताना ०.७८. डिफॉल्ट न बदलता केलेल्या आराखड्यात नळाची क्षमता तीस टक्के फुगवलेली असते, आणि ही तूट पहिल्याच मोठ्या पावसात रहिवाशांच्या घरात दिसते.

गाळाचा परिणाम दाखवण्यासाठी एन वाढवत जाण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती टाळावी. गाळ मुख्यतः वाहिनीचा छेद कमी करतो, आणि त्यासाठी स्वॅममध्ये गाळ भरलेल्या वर्तुळाकार छेदाचा स्वतंत्र आकार आहे, ज्यात गाळाची खोली देता येते. मे महिन्यातील सफाईनंतरची आणि सफाईपूर्वीची अशा दोन स्थिती वेगळ्या चालवून पाहिल्या, तर पालिकेला उपयोगी पडणारा निष्कर्ष मिळतो.

वाहिनीचा डिफॉल्ट आकार वर्तुळाकार आणि खोली १ असते. मेट्रिकमध्ये ही खोली मीटर आहे. व्यास मिलिमीटरमध्ये बोलण्याची आपली सवय असल्यामुळे ९०० भरले जाते, आणि ९०० मीटर व्यासाचा नळ अर्थातच कधी भरत नाही. जाळ्यात आयताकृती बंद वाहिन्या अधिक असतील, तर तोच आकार डिफॉल्ट करावा. प्रवाह-मार्गणाची पद्धत मात्र जवळजवळ नेहमी ‘डायनॅमिक वेव्ह’ असावी, कारण उलटा दाब, भरतीचा अडथळा आणि उलट दिशेचा प्रवाह या गोष्टी ‘कायनेमॅटिक वेव्ह’ दाखवू शकत नाही.

नावांच्या पानाबद्दल थोडक्यात: उपसर्गात ओढ्याचे किंवा प्रभागाचे रोमन लघुरूप ठेवावे आणि मध्ये मोकळी जागा सोडू नये. दोन प्रभागांची प्रारूपे पुढे एकत्र करताना सारख्या नावांचा गोंधळ होत नाही.

चौकटीबाहेर राहणारी मूल्ये

काही डिफॉल्ट या चौकटीत दिसतच नाहीत, आणि त्यांपैकी दोन आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिले पर्जन्यमापकाचे. नव्या पर्जन्यमापकात पावसाचे स्वरूप ‘इन्टेन्सिटी’ आणि कालांतर एक तास असते. स्वयंचलित केंद्राकडून दर १५ मिनिटांत पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये मिळाला असेल, तर स्वरूप ‘व्हॉल्यूम’ आणि कालांतर ०:१५ करावे लागते. स्वरूप न बदलता केवळ कालांतर बदलले, तर १५ मिनिटांत पडलेले १५ मिलिमीटर ताशी १५ मिलिमीटर समजले जातात आणि पाऊस एक चतुर्थांश होतो. आराखड्यासाठी तीव्रता-कालावधी-वारंवारता वक्रातून थेट ताशी तीव्रता घेतली असेल, तर ‘इन्टेन्सिटी’च योग्य आहे.

दुसरे पातमुखाचे, म्हणजे जाळ्यातील पाणी जिथे बाहेर पडते त्या टोकाचे. नवे पातमुख ‘फ्री’ प्रकारचे असते, म्हणजे बाहेर पाणी कधीही अडवले जात नाही असे गृहीत असते. मुंबई, ठाणे किंवा पणजीत हे गृहीत भरतीच्या वेळी कोसळते. तेथे ‘टायडल’ किंवा ‘टाइम सिरीज’ प्रकार निवडून भरतीची वक्ररेषा द्यावी आणि झडप असेल तर ‘टाइड गेट’समोर होकार नोंदवावा. पातळ्या देताना मूळ आधाररेषा तपासणे अत्यावश्यक आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यातील साडेचार मीटर ही उंची सागरी नकाशांच्या चार्ट डेटमपासून मोजलेली असते, तर मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांच्या जुन्या नकाशांवरील पातळ्या टाउन हॉल डेटमवर आधारलेल्या असतात. दोन्ही एकाच आधाररेषेवर आणल्याशिवाय तक्त्यातील आकडा पातमुखात भरू नये.

‘डायनॅमिक वेव्ह’च्या पर्यायांतील मूल्ये तुलनेने निर्धोक आहेत. नोडचे किमान पृष्ठक्षेत्र शून्य ठेवले तर प्रणाली स्वतः १२.५६६ चौरस फूट धरते, म्हणजे चार फूट व्यासाचे मॅनहोल, आणि मेट्रिक प्रकल्पात त्याचे १.१६७ चौरस मीटर असे रूपांतरही स्वतः करते. मार्गणाचा कालखंड मात्र लहान ठेवावा. आपल्या गल्ल्यांत दोन चेंबरांमधील अंतर वीस मीटरही असते, आणि ९०० मिलिमीटरच्या भरलेल्या नळात लहर ते अंतर सुमारे साडेचार सेकंदांत कापते. त्यामुळे १ ते ५ सेकंदांचा कालखंड घ्यावा.

वापरण्यापूर्वीची तपासणी

सगळी मूल्ये भरून झाल्यावर एकच उपपाणलोट आणि एक पातमुख असलेले छोटे प्रारूप करावे. दोन हेक्टर क्षेत्र, ४०० मीटर रुंदी, पाणी न मुरणारा भाग १०० टक्के, आणि दोन तास सलग ताशी ५० मिलिमीटर पाऊस द्यावा. तीव्रता गुणिले क्षेत्रफळ भागिले ३६० या हाताच्या हिशेबाने सेकंदाला ०.२७८ घनमीटर येतात, आणि स्वॅमचा उच्चतम प्रवाह तिथे पोहोचलाच पाहिजे. तो ०.०७ च्या आसपास थांबला, तर पर्जन्यमापकाचे स्वरूप चुकले आहे. मग पाणी न मुरणारा भाग शून्य करून तीच सर पुन्हा चालवावी. किमान मुरण्याचा वेग १ मिलिमीटर प्रतितास ठेवला असेल, तर शेवटी प्रवाह ०.२७२ च्या जवळ गेला पाहिजे, १२.७ असेल तर ०.२०७ च्या जवळ. स्थिती-अहवालातील अपधावाच्या ताळेबंदात एकूण पाऊस १०० मिलिमीटर आहे का, हेही पाहावे.

चाचणी उतरली, की हेच रिकामे प्रारूप साचा म्हणून जतन करावे. स्वॅम प्रकल्पाची आयएनपी फाइल आणि त्याच नावाची आयएनआय फाइल अशा दोन फाइली ठेवते, आणि डिफॉल्ट मूल्ये दुसऱ्या फाइलीत असतात. सहकाऱ्याला केवळ आयएनपी पाठवली तर प्रकल्प विनासायास उघडतो, पण पुढे त्याने रेखाटलेली प्रत्येक वाहिनी त्याच्या संगणकावरील डिफॉल्ट घेऊन येते. दोन्ही फाइली एकत्र पाठवाव्यात, आणि काम परत आल्यावर ‘क्वेरी’ लावून तीन गोष्टी शोधाव्यात: खडबडपणा ०.०१२ च्या खाली असलेल्या वाहिन्या, तळपातळी उणे ५० च्या खाली असलेले नोड, आणि ९९९९९ मीटर रुंदीचे उपपाणलोट.